मोठ्या नेटवर्कसाठी ट्रॅफिक शेपिंगची क्यू कशी निवडायची: आकड्यांपासून चाचणीपर्यंत, क्रमाने

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात छोटे आयएसपी (इंटरनेट पुरवणारे) असोत, घोडबंदर रोडची मोठी कॉम्प्लेक्स असोत नाहीतर महापे-ऐरोलीची ऑफिसं, तक्रार एकच असते: स्पीडटेस्ट बरोबर येते पण रात्री नऊनंतर गेम अडकतो आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो. मग ॲडमिन कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेली क्यू, म्हणजे पॅकेटं रांगेत कशी थांबवायची आणि कोणाला किती वेग द्यायचा (ट्रॅफिक शेपिंग) याची पद्धत, उचलतो, आपल्या राउटरवर चिकटवतो, दोन दिवस बरं वाटतं आणि शनिवारी मॅच असली की परत तेच. याचं कारण बहुतेक वेळा क्यू वाईट आहे हे नसतं, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. क्यूचं नाव चौथ्या पायरीवर ठरतं, त्याच्या आधी तीन कामं आहेत आणि ती कंटाळवाणी आहेत म्हणून सगळे ती टाळतात.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच नेटवर्क धरूया. समजा घोडबंदर रोडला चार टॉवर, प्रत्येकात १०० कनेक्शन, म्हणजे एकूण ४००, सगळ्यांना ५० एमबीपीएसचा प्लॅन विकलाय आणि वर एक जीबीपीएसची लाईन आहे. विकलेलं झालं २० जीबीपीएस, हातात आहे एक. हे चुकीचं नाही, सगळे आयएसपी असंच विकतात, फक्त हे गणित डोक्यात ठेवून क्यू बांधावी लागते.

## पायरी १: आकडे जमवा

लाईनचा खरा वेग मोजा, बिलावरचा नको. पहाटे चारच्या सुमाराला, ग्राहक झोपलेले असताना, आयपर्फने (वेग मोजायचं टूल) पाच-सहा स्ट्रीम एकदम चालवून दोन्ही दिशांना मोजा. समोरचा सर्व्हर अपस्ट्रीमच्या (तुम्हाला लाईन देणाऱ्या कंपनीच्या) नेटवर्कबाहेरचा असेल तर उत्तम, कारण स्पीडटेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा अपस्ट्रीमच्याच नेटवर्कमध्ये बसलेला असतो आणि तो गोड आकडा देतो.

इथेच पहिला मोठा गोंधळ होतो. एक गिगाबिटच्या पोर्टवर १५०० बाइटच्या पॅकेटमागे इथरनेटचे हेडर, प्रिअँबल, मधली मोकळी जागा असं मिळून ३८ बाइट जास्तीचे जातात, म्हणजे आयपीच्या हिशोबाने जास्तीत जास्त ९७५ एमबीपीएसच जाऊ शकतं. तुम्ही शेपरला (वेगाची मर्यादा लावणाऱ्या भागाला) १००० लिहिलंत तर शेपरला कधी कामच मिळणार नाही, लाईन आधीच भरलेली असेल. पॅकेट छोटी असली, म्हणजे व्हॉइस आणि गेमिंग जास्त असलं, तर हा आकडा आणखी खाली येतो. म्हणून मोजलेल्या वेगाच्या ९० ते ९५ टक्क्यांवर लिमिट ठेवा. आपल्या उदाहरणात लाईन दहा गिगाच्या पोर्टवर येते आणि पूर्ण १००० मोजली गेली असं धरू, म्हणजे ९५०.

मग कोणत्या वेळी एकदम किती जण ऑनलाईन असतात ते काढा. पाच मिनिटांच्या सरासरीचा ग्राफ बघून निर्णय घेऊ नका, त्यात दोन-दोन सेकंदांच्या उसळ्या पुसल्या जातात आणि लाईन ७० टक्के भरलीय असं वाटतं तेव्हा ती प्रत्यक्षात मधूनमधून पूर्ण भरत असते. निदान पीकच्या तासाला तरी दर सेकंदाला मोजा.

बॉक्सबद्दल तीन गोष्टी लिहून ठेवा: कोर किती, नॅट (अनेक ग्राहक एका आयपीमागे ठेवणं) कोण करतं, पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन कनेक्शन) कुठे संपतं. आणि गुगल किंवा नेटफ्लिक्सचा कॅश (जवळ ठेवलेला साठा) किंवा पीअरिंग (थेट जोडणी) वेगळ्या पोर्टवरून येत असेल तर ते ट्रॅफिक एक जीबीपीएसच्या लाईनमध्ये मोजू नका, त्याचा पाईप वेगळा आहे.

तपासा: मोजलेला वेग, लिमिटचा आकडा, पीकची संख्या, कोर, हे एका कागदावर आलं का? नसेल आलं तर पुढची पायरी वाचून फायदा नाही.

## पायरी २: तुंबतं कुठे ते शोधा

शेपिंगचा एकच नियम आहे: रांग तुमच्या बॉक्समध्ये लागली पाहिजे. दुसऱ्याच्या बॉक्समध्ये लागली तर तुमची क्यू कितीही हुशार असली तरी तिच्यात पॅकेट थांबतच नाहीत, मग ती निवडणार कशातून. गायमुखला गाड्या तुंबल्यात आणि तुम्ही माजिवड्याला सिग्नलचं टायमिंग बदलताय, असला प्रकार होतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. पीकच्या वेळी तीन ठिकाणी एकदम पिंग लावून ठेवा: ग्राहकाच्या घरातून तुमच्या राउटरला, तुमच्या राउटरवरून अपस्ट्रीमच्या पहिल्या हॉपला (राउटरला), आणि तुमच्याच राउटरवरून बाहेरच्या एखाद्या स्थिर पत्त्याला. जिथून वेळ वाढायला लागतो तिथे रांग आहे.

घरापासून तुमच्या राउटरपर्यंतच वेळ वाढत असेल तर दोनच शक्यता जास्त. एक म्हणजे घरातलं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय, ज्यावर तुमच्या क्यूचा काही इलाज नाही, ग्राहकाला ५ गिगाहर्ट्झवर आणा नाहीतर केबल लावून दाखवा. दुसरी म्हणजे ओएलटीचा (घरांचे फायबर जिथे एकत्र येतात त्या बॉक्सचा) पोर्ट. जीपॉनच्या (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) एका पोर्टवर खाली येताना साधारण २.५ आणि वर जाताना १.२५ जीबीपीएस सगळ्यांत मिळून असतं, तेव्हा एका पोर्टवर जड अपलोडवाले बरेच बसले असतील तर तो पॉन पोर्टसुद्धा तुमच्या झाडाची (वरून खाली वेग वाटणारी क्यूंची रचना, पायरी ५) एक फांदी म्हणून दाखवावी लागेल.

दुसऱ्या पिंगमध्ये वेळ वाढत असेल तर लाईन भरतेय आणि हे तुमचं काम आहे. फक्त डाउनलोडची रांग अपस्ट्रीमच्या बॉक्समध्ये लागते हे विसरू नका. ती तुमच्याकडे ओढून आणायची म्हणूनच लिमिट लाईनपेक्षा थोडं कमी ठेवायचं. ती पाच टक्के सोडायला लोकांचा जीव जातो, "पैसे पूर्ण लाईनचे देतो ना" वगैरे, पण ती सोडली नाही तर बाकीचं सगळं वाया.

## पायरी ३: काय काय वेगळं करायचंय ते ठरवा

तीन प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं वेगळी ठेवा. प्रत्येक ग्राहकाला त्याच्या प्लॅनवर थांबवायचंय का? लाईन भरली की ग्राहकाग्राहकांत समान वाटप करायचंय का? आणि एकाच ग्राहकाच्या आतमध्ये त्याच्या मोठ्या डाउनलोडमुळे त्याचाच कॉल अडकू नये हे बघायचंय का?

पहिल्याला लिमिट लागतं, दुसऱ्याला झाड लागतं, तिसऱ्याला हुशार पानं, म्हणजे झाडाच्या टोकाच्या ग्राहकागणिक क्यू, लागतात. बहुतेक लोकल सेटअपमध्ये फक्त पहिलं केलेलं असतं आणि अपेक्षा तिन्हींची असते.

ऑफिस असेल तर चौथा प्रश्न येतो, व्हॉइसला वेगळी गल्ली द्यायची का. देऊ शकता, पॅकेटवर डीएससीपी ४६, म्हणजे ईएफ ही तातडीची खूण लावून, पण कडक प्रायॉरिटीच्या त्या गल्लीला वरची मर्यादा घाला. नाहीतर एखादं बिघडलेलं किंवा खोटं मार्किंग करणारं ॲप अख्खं ऑफिस बसवेल.

इशारा: आयएसपी असाल तर ॲपच्या किंवा साइटच्या नावावर गळा दाबू नका. २०१८ पासून लायसन्सच्या अटींतच नेट न्यूट्रॅलिटी आहे. ग्राहकाग्राहकांत समान वाटप करा, यूट्यूबविरुद्ध नेटफ्लिक्स नको.

## पायरी ४: आता क्यू निवडा

साधी फिफो. जी आली ती मागे उभी. जिथे रांग लागतच नाही तिथे हीच सर्वात चांगली, दहा गिगाच्या मोकळ्या पोर्टवर उगाच काही हुशार बसवू नका, सीपीयू खाईल. जिथे रांग लागते तिथे मात्र ही घातक. लिनक्समध्ये इंटरफेसची रांग सहसा १००० पॅकेटची असते, १५०० बाइटने ती १२ मेगाबिट होते, आणि १० एमबीपीएसच्या अपलोडवर ती भरली तर मागच्या पॅकेटला १.२ सेकंद थांबावं लागतं.

पीसीक्यू. मायक्रोटिकचे राउटर वापरणाऱ्यांचं आवडतं, आणि योग्य जागी खरंच कमी खर्चाचं. एकाच क्यूमध्ये प्रत्येक आयपीसाठी आपोआप छोटी रांग तयार होते. हॉस्टेल, गेस्ट वायफाय, सगळ्यांना एकच प्लॅन असलेली सोसायटी, अशा ठिकाणी चारशे क्यू लिहिण्याऐवजी दोन पुरतात. डाउनलोडला क्लासिफायर (ग्राहक कशावरून ओळखायचा ते) डेस्टिनेशन ॲड्रेस, अपलोडला सोर्स ॲड्रेस. हे उलटं लावलं की डाउनलोडची वाटणी ग्राहकांऐवजी गुगलच्या सर्व्हरांमध्ये होते, आणि मजा म्हणजे चालतंय असंच वाटत राहतं. पण प्रत्येक ग्राहकाच्या आत पीसीक्यू काही करत नाही, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नाही.

प्रत्येकाला वेगळी सिंपल क्यू. पीपीपीओई आणि रेडियस (ग्राहकाचा प्लॅन राउटरला कळवणारा सर्व्हर) असेल तर ही आपोआप बनते आणि वेगवेगळे प्लॅन असतील तर हाच सरळ रस्ता. रेडियसमधून येणाऱ्या रेटमध्ये पहिला आकडा ग्राहकाचा अपलोड असतो आणि दुसरा डाउनलोड, कारण तो राउटरच्या नजरेतून लिहिलेला असतो. ५० आणि ५० असेल तेव्हा कळत नाही, १० आणि ५० चा प्लॅन आला की मग फोन वाजायला लागतात.

इथली खरी गोम वेगळी आहे. या आपोआप बनलेल्या क्यूंना मूळ सेटिंगमध्ये वर कोणी पेरंट (बेरजेवर मर्यादा ठेवणारी वरची क्यू) नसतो. म्हणजे प्रत्येक जण ५० वर थांबतो, पण चारशे जणांची बेरीज ९५० वर थांबवणारं कोणीच नाही. लाईन भरली की कोणाचं पॅकेट पडणार हे अपस्ट्रीम ठरवतं, तेही आंधळेपणाने. आपल्या भागातल्या "सगळं लावलंय तरी रात्री लॅग" या तक्रारींमध्ये मला हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं. पीपीपी प्रोफाइलमध्ये पेरंट क्यूचा पर्याय आहे, तो रिकामा सोडू नका.

एचटीबी आणि तिच्या पानांवर एफक्यू-कोडेल किंवा केक. मोठ्या नेटवर्कला माझं मत इकडेच. एचटीबी वेग वाटते, पानावरची क्यू त्या ग्राहकाच्या आतली रांग छोटी ठेवते. एफक्यू-कोडेल पॅकेटं प्रवाहांप्रमाणे (एकेका जोडणीप्रमाणे) १०२४ खणांत टाकते आणि एखाद्या खणात पॅकेट सतत ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबायला लागली, आणि हे १०० मिलिसेकंद चाललं, की पॅकेट टाकायला किंवा खूण करायला सुरुवात करते. केकमध्ये हे सगळं आहे, वर स्वतःचा शेपर आहे, आणि प्रवाहांच्या आधी होस्टमध्ये (एकेका आयपीत) वाटणी करायची सोय आहे, त्यामुळे घरातला टॉरेंटवाला एकटा सगळं ओढू शकत नाही. लिनक्समध्ये केक कर्नल ४.१९ पासून आहे, मायक्रोटिकच्या राउटरओएसमध्ये दोन्ही सातव्या आवृत्तीपासून.

केक नॅटच्या बाहेरच्या बाजूला लावत असाल तर नॅटचा पर्याय चालू करा, नाहीतर तिला सगळी घरं एकाच आयपीची दिसतात आणि होस्टची वाटणी नावापुरती उरते.

एकच मोठी केक अख्ख्या ४०० जणांवर लावायची का? प्लॅन सगळ्यांचा सारखा आणि लाईन एक असेल तर तात्पुरतं चालेल. प्लॅन वेगवेगळे असतील तर नाही चालणार, केकला प्लॅन कळत नाही. हजारो ग्राहक असतील आणि हे सगळं हाताने लिहायचा वैताग असेल तर लिब्रेक्यूओएस बघा, ते एचटीबी आणि केक यांचंच झाड तुमच्यासाठी बांधतं आणि कोरवर वाटतं, फक्त त्याला मध्ये वेगळा लिनक्स सर्व्हर द्यावा लागतो.

रेड. रांग पूर्ण भरायच्या आधीच अधूनमधून पॅकेट टाकणारी जुनी पद्धत, स्विचवर दुसरं काही नसेल तर. थ्रेशोल्ड बसवायला वेळ लागतो आणि लाईनचा वेग बदलला की परत बसवा.

## पायरी ५: झाड बांधा आणि बेरीज करा

उदाहरणाचं झाड असं: वर ९५०, खाली चार टॉवर, प्रत्येकाला हमीचे २०० आणि कमाल ९५०, खाली प्रत्येक घराला हमीचे २ आणि कमाल ५०. बेरीज बघा: १०० घरांचे २ म्हणजे २००, टॉवरची हमी जुळली. चार टॉवरचे ८००, वरच्या ९५० मध्ये बसले, १५० उसने द्यायला मोकळे.

हमीची बेरीज पेरंटच्या कमालपेक्षा जास्त झाली की एचटीबी तक्रार करत नाही, हमी द्यायचा प्रयत्न करते आणि पेरंटची मर्यादा ओलांडते, मग रांग परत अपस्ट्रीमकडे. घराला हमी १० लिहिणारे खूप आहेत, १० गुणिले ४०० म्हणजे चार जीबीपीएस, ती हमी कुठून देणार.

प्रायॉरिटी फक्त पानांना लागू होते, पेरंटवर १ लिहून काही होत नाही. आणि तीही हमी वाटून झाल्यावर उरलेल्यासाठी. मायक्रोटिकवर १ सर्वात वर, ८ सर्वात खाली.

लिनक्सवाल्यांसाठी दोन खड्डे. पहिला क्वांटमचा. एचटीबी उसनं देताना कोणाला किती हे क्वांटमवर ठरवते, तो पानाच्या हमीच्या रेटला १० ने भागून बनतो आणि त्याला २ लाख बाइटची टोपी आहे. १६ एमबीपीएसच्या वर हमी असलेली सगळी पानं त्या टोपीला टेकतात, लॉगमध्ये क्वांटम मोठा आहे असं येतं, आणि ५० वाल्याला आणि २०० वाल्याला उसनं सारखंच मिळतं. क्वांटम हाताने लिहा, प्लॅनच्या प्रमाणात. दुसरा खड्डा क्लासच्या (एचटीबीतल्या एकेका क्यूच्या) नंबरचा: तो हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचा) आहे. स्क्रिप्टमध्ये साधे आकडे टाकत गेलात तर ९९९९ पर्यंत चालतं, १०००० ला टीसी (लिनक्सची क्यू लावायची कमांड) नाही म्हणते, कारण हेक्समधला १०००० हा ६५५३६ असतो आणि मर्यादा त्याच्या एकने खाली आहे. मग अचानक नव्या ग्राहकांनाच शेपिंग नाही, जुन्यांना आहे, आणि कारण सापडायला वेळ लागतो.

तपासा: प्रत्येक पातळीवर हमीची बेरीज कागदावर करा. मनात नको.

## पायरी ६: बफर आणि बर्स्ट

बफर बाइटमध्ये लिहितात पण विचार वेळेत करायचा. पीसीक्यूची मूळ मर्यादा प्रत्येक छोट्या रांगेला ५० केआयबी आहे. २ एमबीपीएसवर त्याचे होतात जवळपास २०० मिलिसेकंद, म्हणजे कॉल खराब. ५० एमबीपीएसवर होतात ८ मिलिसेकंद, म्हणजे लांबच्या सर्व्हरवरून एक मोठी फाइल ओढताना पूर्ण वेग येतच नाही. एकच आकडा दोन्हीकडे चुकीचा. आणि एकूण मर्यादा असते २००० केआयबी, म्हणजे फक्त ४० ग्राहकांच्या रांगा भरेपर्यंत, एक्केचाळिसाव्याचं पॅकेट जागा नाही म्हणून पडतं. चारशे घरांना ही मूळची सेटिंग ठेवून कोणी "पीसीक्यू बेकार आहे" म्हणत असेल तर त्याला हा आकडा दाखवा.

एफक्यू-कोडेल आणि केकमध्ये हा त्रास जवळपास नाही, ती वेळेवरच चालतात. तिथे ५ आणि १०० मिलिसेकंद बदलायला जाऊ नका, बहुतेकांना गरज पडत नाही. फक्त रॅम बघा, हजारो पानं पीकला एकदम भरली तर बॉक्सला पुरेल का.

बर्स्ट (थोडा वेळ प्लॅनच्या वरचा वेग) लोक स्पीडटेस्ट छान दिसावी म्हणून लावतात, ठीक आहे, पण बर्स्ट टाइम म्हणजे बर्स्ट किती वेळ चालेल असं समजून लावतात आणि तिथे चुकतात. तो सरासरी काढायचा काळ आहे, आणि ती सरासरी थ्रेशोल्डला पोचली की बर्स्ट बंद होतो. कमाल ५०, बर्स्ट १००, थ्रेशोल्ड ४०, टाइम १६ सेकंद असेल तर शांत बसलेल्या ग्राहकाला बर्स्ट मिळतो ४० गुणिले १६ भागिले १००, म्हणजे ६.४ सेकंद. थ्रेशोल्ड कमालच्या वर ठेवलात तर कमालवर चालणाऱ्या ग्राहकाची सरासरी थ्रेशोल्डला पोचतच नाही, बर्स्ट परत परत सुटत राहतो आणि प्लॅन फुकटात वाढतो.

## पायरी ७: गळती बंद करा

क्यू बरोबर, झाड बरोबर, तरी पॅकेट बाजूने निघून जातात. हे बघा:

- मायक्रोटिकवर फास्टट्रॅक (सीपीयू वाचवायला पॅकेटं आडवाटेने नेणारी सोय) चालू असेल तर ते ट्रॅफिक सिंपल क्यू आणि ग्लोबल पेरंटची क्यू ट्री दोन्ही चुकवतं. क्यूमध्ये आकडे हलतात पण खऱ्यापेक्षा फार कमी. बंद करा, आणि बंद केल्यावर सीपीयू किती चढतो ते बघा, तो तुमचा खरा सीपीयू आहे.
- सिंपल क्यू वरून खाली क्रमाने जुळतात. वर "सगळे" अशी एक क्यू राहिली की खालच्या कोणाला काही मिळत नाही.
- आयपीव्ही६. क्यू फक्त व्ही४ पत्त्यांवर लिहिली आणि ग्राहकाला व्ही६ दिलंय, तर यूट्यूब व्ही६ वरून प्लॅनच्या वर धावतं. पीपीपीओईच्या आपोआप क्यू इंटरफेसवर असतात म्हणून तिथे हा प्रश्न नाही, हाताने लिहिलेल्यांत आहे.
- "यूडीपी म्हणजे गेमिंग, वरची प्रायॉरिटी" हा जुना मँगल (पॅकेटवर खूण लावणारा) रूल काढून टाका. आता ब्राउझरचं बरंचसं व्हिडिओ ट्रॅफिक क्विकवर, म्हणजे यूडीपी ४४३ वर चालतं, तुम्ही व्हिडिओलाच व्हीआयपी केलंय.
- एचटीबीमध्ये डिफॉल्ट क्लास दिला नसेल तर न ओळखलेलं ट्रॅफिक शेपिंगशिवाय सरळ जातं. दिला असेल आणि फार छोटा असेल तर एआरपी (शेजारच्या उपकरणांचे पत्ते शोधणारं ट्रॅफिक) त्यात अडकतं आणि नेट मधूनच गेल्यासारखं होतं. मध्यम आकाराचा द्या.
- लिनक्सवर हजारो फिल्टर एकाखाली एक लिहू नका, प्रत्येक पॅकेट ती अख्खी यादी चढतं. हॅश टेबल किंवा एनएफटेबल्सचा मॅप वापरा.

## पायरी ८: कोरवर वाटणी

आठ कोरचा बॉक्स, एकूण सीपीयू १५ टक्के, आणि तरी पॅकेट पडतायत. एक कोर १०० वर असतो, बाकीचे बसलेले. लिनक्सवर एका एचटीबीला एकच कुलूप असतं, त्यामुळे अख्खं झाड कितीही कोर असले तरी एका मर्यादेनंतर पुढे जात नाही. शिवाय बऱ्याच नेटवर्क कार्डांना पीपीपीओईच्या आतला आयपी दिसत नाही, सगळे ग्राहक एकाच रिसीव्ह रांगेत येतात.

मायक्रोटिकवर प्रोफाइल टूल सगळ्या कोरसाठी चालवा, लिनक्सवर एमपीस्टॅटमध्ये कोरगणिक सॉफ्टइंटरप्ट (पॅकेटांच्या कामात जाणारा वेळ) बघा. एकच चढत असेल तर झाड तोडावं लागेल: चार टॉवरची चार वेगळी झाडं, चार कोरवर. याची किंमत आहे, वेगळ्या झाडांमध्ये उसनवारी होत नाही, त्यामुळे चौघांच्या कमालची बेरीज ९५० मध्ये ठेवली तर एक टॉवर रिकामा असला तरी दुसऱ्याला त्याचं काही मिळत नाही. एक जीबीपीएसवर आजच्या कुठल्याही बऱ्या बॉक्सवर तोडायची गरज पडू नये. दहा जीबीपीएसच्या पुढे जवळपास पडतेच, तेव्हा तोडताना सारख्या वजनाच्या फांद्या करा.

## पायरी ९: लावायचा क्रम

चालू सेटिंग एक्स्पोर्ट करून बॉक्सच्या बाहेर ठेवा. मायक्रोटिकवर सेफ मोडमध्ये काम करा, लिनक्सवर दहा मिनिटांनी जुनी सेटिंग परत लावणारा जॉब आधी लावा आणि सगळं ठीक असेल तर तो रद्द करा. कोपरखैरणेत बसून ठाण्याचा राउटर हातातून गेला तर रात्री दीडला गाडी काढावी लागते.

आधी फक्त एक टॉवर, आणि त्यातही आधी अपलोड. अपलोडची रांग तुमच्या ताब्यात पूर्ण असते, परिणाम लगेच दिसतो आणि चुकलं तर नुकसान कमी. मग डाउनलोड. डाउनलोड ग्राहकाकडे जाणाऱ्या इंटरफेसवर शेप करा, त्यासाठी लिनक्सवर आयएफबी (मधला आभासी इंटरफेस) लागत नाही. ग्राहकांकडे जाणारे इंटरफेस अनेक असतील आणि एकच बेरीज हवी असेल तेव्हाच आयएफबी.

इशारा: एकाच रात्री क्यू, नॅट आणि फर्मवेअर बदलू नका. सकाळी तक्रार आली तर कशामुळे हे कोणालाच सांगता येणार नाही.

## पायरी १०: भरलेल्या लाईनवर मोजा

रिकाम्या लाईनवर कुठलीही क्यू चांगलीच दिसते. एका घरातून मोठं डाउनलोड आणि अपलोड एकदम चालू करा आणि त्याच घरातून पिंग बघा, नंतर तेच शेजारच्या घरातून. पहिल्यात वेळ वाढली तर पान चुकलंय, दुसऱ्यात वाढली तर झाड किंवा वरची लिमिट. फ्लेंट बसवता आलं तर बसवा, ते वेग आणि विलंब एकाच ग्राफवर देतं.

लिनक्सवर टीसीचे आकडे बघताना ओव्हरलिमिट वाढतोय म्हणून घाबरू नका, शेपर काम करतोय एवढाच त्याचा अर्थ. बॅकलॉग (रांगेत थांबलेली पॅकेटं) सतत मोठा राहत असेल तर पान बघा. पीकला ड्रॉप शून्य असतील तर उलट शंका घ्या, रांग बहुतेक तुमच्याकडे लागतच नाहीये. मायक्रोटिकवर वरच्या पेरंटचा रंग पीकला लाल झाला पाहिजे, म्हणजे ७५ टक्क्यांच्या पुढे. तो हिरवाच राहिला आणि तक्रारी चालू असतील तर पायरी २ ला परत जा.

मोजायची वेळ रात्री नऊ ते अकरा. दुपारी मोजून पाठवलेला रिपोर्ट ऑफिसच्या नेटवर्कला चालेल, सोसायटीला नाही.

आणि लाईन वाढवली की पेरंटचा आकडा त्याच दिवशी बदला. एकाचे दोन जीबीपीएस घेतले, बिल चालू झालं, वर मात्र ९५० तसंच, असे राउटर आत्ताही घोडबंदरला चालू आहेत.